दोन काचांमधली गोष्ट

खिडक्यांवर लिहायचं बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, या वीकांताला मुहूर्त लागला. (संगणकातल्या विंडोज नव्हे, भिंतीतल्या खिडक्या. आमच्या धंद्यात हा खुलासा आधीच केलेला बरा.)

निमित्त आमच्या दादाचं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, न्यू जर्सीत असतो. त्यानं तिथं १९६० च्या दशकात बांधलेलं एक घर घेतलंय. खिडक्या बहुतेक मूळच्याच, एकेरी काचेच्या. त्यांना बाहेरून लावायच्या ज्या जोड-खिडक्या असतात त्यातल्या निम्म्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. एक विक्रेता येऊन सगळ्या घराची मापं घेऊन गेला. चौदा खिडक्या बदलायचे वीस हजार डॉलर, आणि वर तोंडी हमी की हीटिंगचं बिल चाळीस टक्क्यांनी खाली येईल. "तू इंजिनिअर ना रे, सांग, घेऊ का?" असा दादाचा फोन. आता माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतं जावावर. पण नातेवाइकांच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर, त्यानं मिक्सरपासून खिडकीपर्यंत सगळ्याचं उत्तर दिलंच पाहिजे. म्हणून वाचायला बसलो आणि नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो. पण या वेळी शिरलो ते बरं झालं, कारण 'घेऊ का' या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं.

तर पहिली गोष्ट. दोन काचांची खिडकी हा आधुनिक शोध अजिबात नाही. १ ऑगस्ट १८६५ ला, म्हणजे लिंकनचा खून होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले असताना, न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन नावाच्या गृहस्थानं अमेरिकन पेटंट घेतलं. कल्पना अशी की दोन काचा थोडं अंतर ठेवून एकमेकींशी कडेनं जोडायच्या आणि मधली हवा कोंडून टाकायची. हवा उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे कोंडलेली हवा म्हणजे फुकटातली गोधडी. व्हिएन्ना-बर्लिनकडच्या लोकांना हे पेटंटशिवायही माहीत होतं. तिथल्या जुन्या इमारतींत एकामागे एक अशा दोन स्वतंत्र खिडक्या असतात, मध्ये वीतभर जागा. रशियात तर हिवाळा आला की दोन खिडक्यांच्या मधल्या जागेत कापूस भरून ठेवायची पद्धत होती.

मग स्टेटसनची खिडकी सत्तर वर्षं कागदावर का राहिली? उत्तर एका शब्दात: कड. दोन काचा जोडणं सोपं, पण ती जोडणी वर्षानुवर्षं हवाबंद ठेवणं महाकठीण. काच, धातू, डिंक, लाकूड हे सगळे उन्हात आणि थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात. कुठंतरी केसाएवढी फट पडते, बाष्प आत शिरतं, थंडीत आतून धुकं धरतं, आणि ते पुसायला आत हात जात नाही. १९३० च्या दशकात ओहायोतल्या टोलेडोच्या लिबी-ओवेन्स-फोर्ड या काच कंपनीनं 'थर्मोपेन' बाजारात आणलं. त्यात कड धातूनं काचेला जोडून बंद केलेली होती, तेव्हा कुठं हे जमलं. आजच्या खिडकीत दोन काचांमध्ये कडेनं एक पोकळ पट्टी फिरवलेली असते, तिच्यात बाष्प शोषणारे दाणे भरतात आणि तिला दोन थरांचं सील लावतात. आतलं ब्यूटाइलचं बाष्प अडवतं, बाहेरचं सिलिकॉनचं किंवा पॉलिसल्फाइडचं काचा धरून ठेवतं. म्हणजे स्टेटसनचा बग अजून संपलेला नाही, फक्त पुढं ढकललाय. खिडकीच्या वॉरंटीत सगळ्यात आधी वाचायचं कलम कुठलं असेल तर 'काचांमध्ये धुकं धरलं तर किती वर्षांपर्यंत बदलून देणार' हे. काच सहसा मरत नाही, कड मरते.

याच काळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी जॉर्ज फ्रेड केक या वास्तुविशारदानं बारा बाजूंचं काचेचं घर बांधलं, 'हाउस ऑफ टुमॉरो'. बांधकाम चालू असताना हिवाळ्यात तो पाहायला गेला तर आतले कामगार कोट काढून नुसत्या शर्टावर काम करत होते. हीटिंग तर अजून बसवलेलंही नव्हतं! नुसत्या उन्हानं घर तापलं होतं. केकनं ते डोक्यात ठेवलं आणि पुढं सूर्याच्या उष्णतेवर चालणारी घरं बांधली. पण उन्हाळा आला तेव्हा त्याच काचघरात थंडावा आणता आणता यंत्रणेच्या नाकी नऊ आले. खिडकीचा सगळा स्वभाव या एका घरात दिसतो. ती उष्णता बाहेर घालवतेही आणि आत आणतेही. यातलं कुठलं तुम्हाला नकोय हे तुमच्या गावावर अवलंबून. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुण्यात परत येताना लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर काच स्वस्त होत गेली. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्सला अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टननं १९५२ पासून सात वर्षं खपून वितळलेल्या कथलावर काच तरंगवायची पद्धत बसवली, १९५९ मध्ये ती जाहीर झाली. (आडनाव कंपनीचंच, पण हा मालकांच्या घरातला नव्हे, ही एक गंमत. दुसरी म्हणजे चौदा महिने त्याचं यंत्र रात्रंदिवस नुसती भंगारात जाणारी काच काढत होतं आणि संचालक मंडळ पैसे देत राहिलं. इतका धीर असलेला क्लायंट मला अजून भेटायचाय.) घासून-पुसून गुळगुळीत करायची गरजच उरली नाही. तेल मातीमोल होतं, काच मुबलक झाली, त्यामुळे अमेरिकेतल्या घरांना भल्यामोठ्या एकेरी काचा बसल्या. थंडी वाजली तर थर्मोस्टॅट दोन अंश वर. दादाचं घर याच काळातलं अपत्य.

आणि मग ऑक्टोबर १९७३. अरब देशांनी तेल रोखलं, तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. खिडकीच्या इतिहासातला खरा नायक इथं प्रवेश करतो, आणि तो ना काचवाला ना सुतार. तो कणभौतिकीवाला. आर्थर रोझेनफेल्ड, एन्रिको फर्मीचा शेवटचा पीएचडीचा विद्यार्थी, बर्कलीच्या प्रयोगशाळेत मूलकणांवर काम करणारा, वय ४७. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री घरी निघताना त्याच्या मनात आलं की आपल्या मजल्यावरच्या वीस खोल्यांतले दिवे शनिवार-रविवार असेच जळत राहणार. मग गडी एकेका खोलीत शिरून दिवे बंद करायला लागला. अडचण अशी की बटणं सापडेनात. कुठं फायलींच्या कपाटामागे, कुठं पुस्तकांच्या रॅकमागे, कुठं पोस्टरखाली. आजवर कुणी ती दाबलीच नव्हती. रोझेनफेल्डनं कणभौतिकी सोडली आणि उरलेलं आयुष्य या असल्या गळत्या शोधण्यात घालवलं. (२०१७ मध्ये वारला. त्याला नोबेल नाही मिळालं, पण माझ्या यादीत तो बऱ्याच नोबेलवाल्यांच्या वर आहे.)

पुढच्याच उन्हाळ्यात, १९७४ मध्ये, प्रिन्स्टनला काही भौतिकशास्त्रज्ञ महिनाभर एकत्र बसले आणि देशाची ऊर्जा नेमकी कुठून गळते याचा हिशोब त्यांनी मांडला. खिडक्या त्यात ठळकपणे होत्या. रोझेनफेल्डची एक तुलना पुढं गाजली: अमेरिकेतल्या खिडक्यांतून वाया जाणारी ऊर्जा अलास्काच्या पाइपलाइनमधून वाहणाऱ्या तेलाएवढी आहे. म्हणजे एका बाजूनं अब्जावधी डॉलर घालून बर्फातून नळ टाकायचा आणि दुसऱ्या बाजूनं तेवढंच काचेतून बाहेर सोडून द्यायचं.

आता इथं थोडं हीट ट्रान्सफर, घाबरू नका. दोन काचांमध्ये हवा कोंडली तरी उष्णता का जाते? मी इंजिनिअरिंगला असताना हाच प्रश्न कुणी विचारला असता तर 'हवेतून वहन' असं ठोकून दिलं असतं. पण साध्या दुहेरी काचेत निम्म्याहून जास्त उष्णता हवेमार्फत जातच नाही, ती किरणोत्सारानं जाते. आतली उबदार काच अवरक्त किरण फेकते, बाहेरची गार काच ते पिते. साधी काच डोळ्यांना पारदर्शक दिसते, पण या लांब लहरींच्या बाबतीत ती जवळपास काळ्या तव्यासारखी वागते. उत्सर्जनक्षमता ०.८४, जिथं आदर्श काळा पदार्थ म्हणजे १. मग नुसतं अंतर वाढवा, किरणांना त्याचं काही पडलेलं नाही. शिवाय अंतर १५-१६ मिलिमीटरच्या पुढं गेलं की मधली हवा स्वतःच गोल फिरायला लागते, ते वेगळंच.

यावरचा उपाय आपल्या सगळ्यांच्या घरात आहे: थर्मास. त्याच्या आतल्या काचेला चांदीसारखा मुलामा असतो तो दिसायला छान म्हणून नव्हे, किरण परतवायला. हे जेम्स ड्युअरनं १८९२ मध्येच करून ठेवलेलं. फक्त थर्मासमधून बाहेरचं दिसत नाही, आणि खिडकीतून दिसावं अशी लोकांची किमान अपेक्षा असते! तेव्हा उजेड आरपार जाऊ देणारा पण लांब अवरक्त लहरी परतवणारा मुलामा हवा होता. बर्कलीत १९७६ पासून स्टीफन सेल्कोविट्झ यांच्या गटानं हेच काम हातात घेतलं. मोठ्या काच कंपन्यांना फारसा उत्साह नव्हता, म्हणून सरकारी पैशातून सनटेक नावाच्या एका चिमुकल्या कंपनीला काम दिलं गेलं. ती पुढं साउथवॉल झाली आणि तिनं १९८१ मध्ये 'हीट मिरर' विकायला काढलं. दोन काचांमध्ये ताणून बसवलेली, मुलामा दिलेली पारदर्शक फिल्म. थोड्याच वर्षांत मोठ्या कंपन्यांनी निर्वात पेटीत थेट काचेवरच चांदीचा थर बसवायला सुरुवात केली. थर केवढा? सुमारे दहा नॅनोमीटर. चांदीचे काही डझन अणू एकावर एक ठेवले की झालं. उत्सर्जनक्षमता ०.८४ वरून ०.१ च्या खाली. हीच ती 'लो-ई' काच.

सरकारचा यात गेलेला पैसा मोजून काही दशलक्ष डॉलर. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं ऊर्जा खात्याच्या जुन्या संशोधनाचा ताळेबंद मांडला, त्यात लो-ई काच, दिव्यांचे इलेक्ट्रॉनिक चोक आणि फ्रिजची सुधारणा या तीन गोष्टींचा मिळून फायदा सुमारे ३० अब्ज डॉलर निघाला. आपल्याकडं संशोधनावरचा खर्च म्हणजे उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा वाचावा. असो, विषयांतर होतंय.

काच सुधारली आणि लगेच थापाही सुधारल्या. १९८० च्या दशकात जो तो आपल्या खिडकीचा आकडा जाहिरातीत छापायचा, पण आकडा असायचा काचेच्या मध्यभागाचा, जिथं तो सगळ्यात छान येतो. चौकट आणि कड हिशोबातच नाही. आणि चौकट अ‍ॅल्युमिनियमची असली तर तीच उष्णतेचा महामार्ग. (१९९१ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्ह हाउस बांधलं तेव्हा बाजारात पुरेशी चांगली चौकट मिळेना. शेवटी लाकडी चौकटींना हातानं फोम जोडला. काच पुढं गेली होती, चौकट मागे राहिली होती.) या आकडेबाजीला वैतागून १९८९ मध्ये अमेरिकेत खिडक्यांचं मूल्यमापन करणारी एनएफआरसी ही संस्था उभी राहिली. नियम सोपा: अख्ख्या खिडकीचा आकडा, एकाच पद्धतीनं काढलेला, स्टिकरवर. आणि ही पद्धत म्हणजे प्रामुख्यानं सॉफ्टवेअर! बर्कलीच्या प्रयोगशाळेनं लिहिलेला 'विंडो' हा प्रोग्राम, जो आजही कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. मी घेतला. एक अख्खा रविवार गेला, बायकोच्या शिव्या खाल्ल्या, पण मजा आली.

स्टिकरवर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला यू-फॅक्टर: आत-बाहेर तापमानात फरक असताना किती उष्णता गळते. कमी तितका बरा. अमेरिकन एककात एकेरी काच जवळपास १, साधी दुहेरी ०.५ च्या आसपास, लो-ई आणि आर्गन वायूवाली ०.३ च्या आसपास. आपल्या मेट्रिकमध्ये हेच अनुक्रमे ५.७, २.८ आणि १.७ वॅट, दर चौरस मीटरला, दर अंशाला. (अमेरिकन आणि भारतीय ब्रोशर शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर ०.३ पाहून उगाच हरखून जाल.) दुसरा आकडा एसएचजीसी: अंगावर पडलेल्या उन्हातली किती टक्के उष्णता आत येते. साधी काच ०.८, चांगली सूर्यरोधक लो-ई ०.३ किंवा त्याहून कमी. हा आकडा कमी बरा की जास्त, हे मात्र गावावर. केकचे शर्टावरचे कामगार आठवतायत ना?

अमेरिकेनं नेमका इथंच एकदा गोंधळ घातला. २००९ च्या मंदीत खिडक्या बदलणाऱ्यांना दीड हजार डॉलरपर्यंत करसवलत दिली, अट अशी की दोन्ही आकडे ०.३० किंवा त्याहून कमी हवेत. फ्लोरिडालाही तेच, मिनेसोटालाही तेच. मिनेसोटात हिवाळ्यातलं दक्षिणेचं ऊन म्हणजे फुकटचं हीटर, ते अडवायला सरकार पैसे देत होतं. शेजारच्या कॅनडाच्या मानांकनात आत येणाऱ्या उन्हाचे गुण वाढतात. एकच काच, सीमा ओलांडली की चांगली किंवा वाईट.

आता दादाच्या चाळीस टक्क्यांकडे येऊ. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या म्हणण्यानुसार घर गरम-थंड करायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण २५ ते ३० टक्के खिडक्यांच्या खात्यावर जाते. म्हणजे खिडक्यांच्या जागी जादूची भिंत घातली आणि गळती शून्यावर आणली तरी बचत ३० टक्के. चाळीस कुठून आले? हे फक्त मलाच सुचलं असं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं पाच खिडकी कंपन्यांना अशाच दाव्यांवरून पकडलं होतं. चाळीस टक्के, पन्नास टक्के, हमीसकट. शास्त्रीय पुराव्याशिवाय असे दावे पुन्हा करणार नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं गेलं. तरी हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी अजून जिवंत आहे!

शिवाय न्यू जर्सीतच यावरचा एक सुंदर प्रयोग झालेला आहे. ईस्ट विंडसरजवळ ट्विन रिव्हर्स नावाची वसाहत आहे. त्या पट्ट्यात आता आपली इतकी मंडळी राहतात की तुमचंही कुणी ना कुणी असेलच. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट सोकोलो आणि मंडळींनी १९७० च्या दशकात तिथली एकासारखी एक घरं मोजमापाला घेतली. पहिला धक्का: एकसारख्या घरांत गॅसचा खप दुप्पट-दुप्पट वेगळा. घर तेच, माणसं वेगळी. दुसरा धक्का: माळ्यातून जाणारी उष्णता पुस्तकी हिशोबाच्या कित्येक पट निघाली. भिंतींच्या पोकळ्यांतून आणि धुराड्याभोवतीच्या फटींतून गरम हवा सरळ माळ्यावर आणि तिथून आकाशात जात होती. खिडकीकडं सगळ्यांचं लक्ष कारण तिच्याजवळ बसलं की गार लागतं, पण चोर वर लपला होता. त्यातल्या एका घरात फटी बुजवून, माळा आणि तळघर नीट करून, खिडक्यांना जास्तीचं आवरण देऊन हीटिंगची गरज दोन-तृतीयांशानं कमी केली. १९७८ मध्ये त्यावर शोधनिबंधच आला.

मग मी दादाला कागदावर हिशोब करून पाठवला. चार फूट बाय चार फूट खिडकी, म्हणजे दीड चौरस मीटर. बाहेर उणे पाच, आत वीस. एकेरी काचेतून सुमारे २१५ वॅट जातात. नव्या ०.३० वाल्या खिडकीतून ६५. म्हणजे वाचले दीडशे. आता जुन्याच खिडकीवर बाहेरून जोड-खिडकी लावली तर? साधारण साध्या दुहेरी काचेएवढं होतं, १०५ वॅट. वाचले ११०. म्हणजे बचतीचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग, आणि खर्च फार कमी. २०१२ मध्ये तिथल्या वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाच्या अभ्यासातही हाच सूर होता: जुनी खिडकी दुरुस्त करून जोड द्या, नव्या खिडकीच्या जवळपास पोचता येतं. दादाला वहिनीसमोर हे पटवायचं होतं, कारण वहिनींना नव्या पांढऱ्या खिडक्या आवडल्या होत्या. त्या वादात मी पडलो नाही.

ज्या चार खिडक्यांचं लाकूड कुजलंय त्या बदलाव्याच लागतील. तिथं मी त्याला तीनच गोष्टी बघायला सांगितल्या. एक, स्टिकर अख्ख्या खिडकीचा आहे का. दोन, काचेजवळ लायटर पेटवून धर. दोन काचांच्या चार पृष्ठभागांत चार ज्योती दिसतात, त्यातल्या एकीचा रंग वेगळा दिसला तर मुलामा खरंच आहे. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: बसवणारा कोण आहे. जुन्या वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांत दोन्ही बाजूंना दोरीला बांधलेल्या वजनांसाठी पोकळ कप्पे असतात. पुष्कळ कंत्राटदार ते तसेच ठेवून जुन्या चौकटीत नवी खिडकी खोचतात आणि वरून पट्टी मारून मोकळे होतात. मग हजार डॉलरच्या काचेशेजारून वारा आत येतो. प्रयोगशाळेतला आकडा कधीच हे सांगत नाही. (आमच्याकडं याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात.)

आता हे सगळं उचलून पुण्या-मुंबईत आणलं तर काय होईल? सध्या इथं बिल्डरपासून खिडकीवाल्यापर्यंत सगळे डबल ग्लास, यूपीव्हीसी, लो-ई असं बोलायला लागलेत, तेव्हा तोच कागद उलटा करून बघू. तीच दीड चौरस मीटरची खिडकी, पश्चिमेची. एप्रिलची दुपार, बाहेर ३३, आत एसी २५ वर. फरक आठच अंशांचा, एकेरी काचेतूनही त्यापायी येतात जेमतेम ७० वॅट. पण काचेवर ऊन पडतंय चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास. त्यातलं ऐंशी टक्के आत, म्हणजे सातशेहून जास्त. दहापट! साधी दुहेरी काच लावून तुम्ही त्या ७० मधले पस्तीस वाचवणार आणि सातशेतले फार तर पाऊणशे-शंभर. गाड्यांचा आवाज कमी व्हावा म्हणून लावत असाल तर जरूर लावा, तो वेगळा हिशोब. पण विजेसाठी लावत असाल तर स्टिकरवरचा दुसरा आकडा विचारा. उन्हातली जवळपास निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त लहरींत असते, आणि चांदीचे दोन-तीन थर दिलेली काच उजेड बराचसा आत सोडून नेमकी तीच परतवते. काळ्या फिल्मनं मात्र खोलीत अंधार होतो, दिवसा ट्यूब लावावी लागते. आमचं हिंजवडीतलं ऑफिस अख्खं काचेचं आहे. दुपारी बारा वाजता सगळे पडदे खाली आणि सगळे दिवे चालू. रोझेनफेल्डला बटणं शोधायला इथं आणायला हवं होतं.

आणि काचेआधी छज्जा. ऊन काचेवर पडायच्या आधी अडवलं तर ते घरात येतच नाही. काचेच्या आतल्या पडद्यानं अडवलं तर पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. आपल्या जुन्या लोकांना हे न शिकवता कळत होतं. वाड्यांच्या जाड भिंतीतल्या खोल खिडक्या, मुंबईच्या जुन्या इमारतींतल्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा. गोव्यातल्या जुन्या घरांत तर काचेच्या जागी चपट्या शिंपल्यांची तावदानं असायची, उजेड दुधासारखा आत यायचा आणि ऊन बाहेर राहायचं. २००० नंतरच्या बऱ्याच इमारतींत छज्जे आक्रसून सहा-आठ इंचांवर आलेत, कारण दर्शनी बाजू 'क्लीन' दिसायला हवी.

सरकारी पातळीवर या गोष्टीची दखल उशिरा का होईना घेतली गेली. २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता'. तिच्यात (थंड हवामान सोडून) भिंती आणि खिडक्यांमधून घरात येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा आहे, चौरस मीटरला १५ वॅट, आणि हिशोबात काचेच्या एसएचजीसीइतकंच वरच्या छज्ज्यालाही स्थान आहे. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. खिडकी किती मोठी यापेक्षा ती किती उघडते हे ती विचारते. बिजागरीवर उघडणारी खिडकी नव्वद टक्के उघडी धरली जाते, दोन पल्ल्यांची सरकती पन्नास टक्के. आपल्या नव्या फ्लॅटांत सर्रास असते ती तीन ट्रॅकची: दोन काचा, एक डासांची जाळी. म्हणजे सहा फुटी खिडकीचे पैसे मोजून वारा येतो तीन फुटांतून, तोही जाळीतून गाळून.